कुजली का गं?

चमच्याने माती बाजूला सारत सून डब्याच्या तळाशी पोचली, आणि तिथे पट्टी होती. तशीच. तिने ती चिमट्याने उचलली, फुंकर मारली, नळाखाली धरली. माती वाहून गेल्यावर पट्टी अशी लख्ख दिसायला लागली की जणू आत्ताच न्हाऊन आली. चार कोपरे, चारही शाबूत. सुनेने ती कोरडी केली, तराजूवर ठेवली आणि आकडा न वाचताच पुन्हा उचलली. तो आकडा तिला पाठ झाला होता.

"मस्त आहे ना?" मागून टापटीप म्हणाला.

टापटीप हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण खरं नाव आता हजेरीपटाखेरीज कुठे उरलं नव्हतं. प्रयोगशाळेतली काचेची भांडी, नमुने, माती, सगळी तयारी त्याच्याकडे होती. त्याच्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीच्या क्रमाने झोपायच्या. स्वभावाने मात्र अगदी लोण्यासारखा मऊ.

"मस्त कसली," सून म्हणाली. "कुजायला हवी होती."

"ते झालंच. पण डबा बघ तू. एक बुरशी नाही, एक किडा नाही. सोबत साध्या कागदाची पट्टी घातली होतीस ना, तीही बघ. कोरी करकरीत. काही लिहायचं असेल तर लिहून घे तिच्यावर."

सुनेने कागदाच्या पट्टीकडे पाहिलंही नाही. शाळेच्या कार्यक्रमात आईला रंगमंचावर स्वतःचंच पोर तेवढं दिसतं, तसं तिला गेले काही महिने झालं होतं. तिला फक्त आपली पट्टी दिसत होती, आणि ती जात नव्हती.

ही पट्टी ज्या पिशवीची होती, ती पिशवी म्हणजे सुनेची गेल्या कित्येक वर्षांची मेहनत. साखरेवर पोसलेले एका जातीचे जंतू पोट भरलं की अंगात चरबी साठवतात. त्या चरबीपासून पातळ पापुद्रा करता येतो, पण तो नुसता केला तर बिस्किटासारखा मोडतो. म्हणून सुनेने त्यात पेंढ्याचे तंतू मिसळले. हे तंतू इतके बारीक की एका केसाचे उभे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक तंतू. ते नीट पसरले, गुठळ्या न होता बसले, तेव्हा पापुद्र्याला अशी ताकद आली की ओल्या मातीसकट झाडाचं रोप त्यात खुशाल ठेवावं. पुढे फळं गुंडाळायला, औषधाच्या बाटल्या बांधायला, कशाकशाला म्हणून तो वापरता आला असता. पण सुनेच्या डोळ्यांसमोर रोपवाटिका होती. रोप पिशवीसकट जमिनीत लावायचं. मुळांना धक्का नाही, पिशवी फाडायला नको, रस्त्याकडेला प्लास्टिकच्या चिंध्या नाहीत. मातीतले जंतू पिशवी खाऊन टाकतील. जंतूंनी करायची, जंतूंनीच संपवायची, मधल्या काळात तेवढी माणसाने वापरायची.

सगळं जमलं होतं. फक्त शेवटचं तेवढं होत नव्हतं. पिशवी संपत नव्हती.

"पुढच्या आढाव्यापर्यंत पट्ट्या गेल्या नाहीत," प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम मागच्या आठवड्यात म्हणाल्या होत्या, "तर आपल्याला जावं लागेल." त्या हसत म्हणाल्या, पण थट्टेत म्हणाल्या नव्हत्या. काम बंद झालं असतं आणि कामाबरोबर सुनेची जागाही. दुसऱ्या शहरातल्या एका कंपनीने तिला विचारून ठेवलं होतं. तिचा नवरा शाळेत गणित शिकवायचा. गणिताच्या मास्तरला कुठेही शाळा मिळते. सगळं जुळण्यासारखं होतं, एक सोडून. सासूबाई येणार नव्हत्या. "माझ्या कुंड्या काय बॅगेत भरून नेऊ?" एवढंच त्या एकदा म्हणाल्या, आणि त्यानंतर घरात तो विषय कुणी काढला नाही.

संध्याकाळी सून घरी आली तेव्हा सासूबाई ओट्याशी भाजी चिरत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कुजली का गं?"

हा त्यांचा रोजचा प्रश्न. नात्यातलं कुणी आजारी असलं की ताप उतरला का म्हणून विचारतात, त्याच सुरात.

"नाही कुजली."

"अजून नाही? भारीच चिवट दिसते." त्यांनी देठ बाजूला सारले. "मला एक कळत नाही. जी कुजवायचीच आहे, ती आधी करायची कशाला? कुजायच्या वस्तू या घरात काय कमी आहेत? तुझ्या नवऱ्याचे मोजे घेऊन जा उद्या."

"आई, मी ऐकतोय," आतून नवरा म्हणाला.

"ऐक की. धुवायचं पण ऐक."

सून हसली. घरी आलं की तिला हसू यायचं, हे तिने मनाशी केव्हाच कबूल केलं होतं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा सासूबाईंशी कसं जमेल याची तिला भीती होती. झालं असं की नवऱ्याशी तिचं कधीमधी वाजायचं, सासूबाईंशी नाही. दोघींचा पिंडच एक होता. कामाला लागलं की जेवणाचं भान नाही, आणि कौतुक करायची वेळ आली की तोंडाला कुलूप.

पिशव्यांच्या बाबतीत मात्र दोघी दोन टोकांना होत्या. सासूबाई पिशवी टाकत नसत. एकही नाही. दुकानातून आलेली पिशवी धुवायची, दोरीवर चिमटा लावून वाळवायची, तिची त्रिकोणी घडी करायची आणि गादीखाली सरकवायची. जी दुकानं केव्हाच बंद पडली, त्यांच्या पिशव्या त्यांच्या गादीखाली सुखरूप होत्या. पाहुणा जायला निघाला की त्याच्या हातात काहीतरी द्यायचं आणि ते कुठल्या पिशवीतून द्यायचं यावर त्या बराच वेळ विचार करायच्या. चांगली पिशवी जरा बेताच्या पाहुण्याबरोबर गेली तर त्यांना दिवसभर चुटपुट लागायची.

म्हणून प्रयोगशाळेत पहिली अख्खी पिशवी तयार झाली, तेव्हा सुनेने ती घरी आणून सासूबाईंच्या हातात ठेवली होती. जरा वाकड्या शिवणीची, दुधाळ रंगाची. सासूबाईंनी ती उजेडात धरली, दोन्ही बाजूंनी ओढून पाहिली, कानाशी नेऊन चुरगळून पाहिली.

"हिच्यात काय ठेवू?"

"काहीही ठेवा."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पिशवी आत गेली. पुढे तिचं नाव निघालं नाही. चांगली झालीये एवढं तरी म्हणतील, असं सुनेला वाटलं होतं. तेही त्या म्हणाल्या नाहीत.

आढाव्याला दीडेक महिना उरला तेव्हा मॅडमनी सुनेला बोलावलं. "पट्ट्यांचं राहू दे," त्या म्हणाल्या. "ती पहिली पिशवी आहे ना तुझ्याकडे, वाकडी शिवण असलेली? ती घेऊन ये. शेवट नाही दाखवता आला तर निदान सुरुवात तरी दाखवू."

सून त्याच संध्याकाळी सासूबाईंना म्हणाली, "आई, ती पिशवी हवी होती. मी दिलेली. मॅडमनी मागितलीय."

सासूबाईंची सुरी थांबली.

"कुठली पिशवी?"

"वाकड्या शिवणीची."

"ती होय." सुरी पुन्हा चालायला लागली, पण सावकाश. "बघते. असेल कुठेतरी."

असेल कुठेतरी म्हणाल्या, पण गादी उचलली गेली नाही, हे सुनेच्या लक्षात आलं. गादीखालची प्रत्येक घडी सासूबाईंना तोंडपाठ होती. त्यांनी बघते म्हणावं हेच नवलाचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेला पहिला चहा मिळाला, जो एरवी नवऱ्याचा असायचा. तिसऱ्या दिवशी तिच्या चपला पुसून ठेवलेल्या सापडल्या. आणि संध्याकाळी घरी आल्यावर कुणी काही विचारलं नाही. कुजली का नाही, काहीच नाही. सासूबाई नुसत्या म्हणाल्या, "दमलीस का? बस जरा."

हे सुनेला फार लागलं. एवढे दिवस रोजच्या त्या प्रश्नाचा तिला कंटाळा यायचा. आता तो नाही म्हटल्यावर तिला घर सुनं वाटायला लागलं.

"फेकली असेल त्यांनी," ती नवऱ्याला म्हणाली. "आता सांगायला अवघड जातंय."

"आई पिशवी फेकेल? माझे दुधाचे दात अजून एका पिशवीत आहेत. त्या पिशवीवर एक जास्तीची पिशवी आहे."

"मग दिली असेल कुणाला. माझ्या पिशवीचं त्यांना काय." तिचा आवाज तिच्या मनाविरुद्ध हलला. "मी सोमवारी त्या कंपनीला हो म्हणून टाकते. उगाच लांबवण्यात अर्थ नाही."

 नवऱ्याने वह्या तपासायला घेतल्या आणि बराच वेळ एकाच वहीवर टिचक्या मारत बसला.

रविवारी सकाळी सून उठली तेव्हा स्वयंपाकघर रिकामं होतं आणि मागचं दार उघडं. मागे एवढीशी फरशीची जागा, तिच्यात भिंतीला लागून सासूबाईंच्या कुंड्या आणि कोपऱ्यात एक जुना, कडेला तडकलेला टब. सासूबाई त्या टबापुढे उकिडव्या बसल्या होत्या. बाह्या कोपराच्या वर, हात मातीत. काढलेल्या मातीचा ढीग त्यांनी फरशीवर केला होता आणि त्यातली एकेक मूठ त्या बोटांनी चाळत होत्या, सोन्याचा दाणा हरवावा तशा.

"आई, काय शोधताय?"

त्या दचकल्या. मग पदराने कपाळ पुसायला गेल्या आणि कपाळभर माती लावून घेतली.

"ये," त्या म्हणाल्या. "कधी ना कधी सांगायचंच होतं. ये, बस."

सून पायरीवर बसली. सासूबाईंनी ढिगाशेजारून एक ओलं फडकं उचललं. त्याखाली डेलियाचे कंद होते, पाच-सहा, रताळ्यांसारखे एकमेकांना बिलगलेले, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर लालसर कोंब फुटलेला. हे कंद सुनेला माहीत होते. घरात येणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत करून दिले जात. सासूबाईंच्या आईच्या अंगणातले. लग्न होऊन निघताना आईने लुगड्याच्या घडीत घालून दिलेले. त्याला येणारं फूल इतकं गडद लाल की सावलीत काळं दिसायचं, आणि तसं फूल बाजारात कुठे मिळत नाही असं सासूबाईंचं ठाम मत होतं. फुलं संपली की त्या दरवर्षी कंद काढायच्या, ओलसर मातीसकट एका पिशवीत भरायच्या, पिशवीला सुईने भोकं पाडायच्या आणि टबात खोल पुरून ठेवायच्या. वर वाळका पाला, चहाचा चोथा, भाजीचे देठ. तिथे ऊन पोचायचं नाही आणि उंदीरही.

"यंदा कशात ठेवले होते माहितेय?" सासूबाई म्हणाल्या.

सुनेने मान हलवली.

"तुझ्या पिशवीत." त्यांनी ओंजळ पुढे केली. ओंजळीत दोऱ्यासारखी एक वाकडी शिवण होती आणि तिला चिकटून नखाएवढ्या दोन-तीन कपच्या, जाळी झालेल्या. "एवढीच उरलीय. तू मागितलीस त्या दिवसापासून जीव थाऱ्यावर नाही माझा. परवा जरा उकरलं तर हाताला पिशवी लागेना. आज सगळंच उपसलं. चाळणी झालीय गं. नुसती शिवण राहिली. मी तुझी पिशवी खराब केली."

सून त्या ओंजळीकडे पाहत राहिली.

"बोल काहीतरी. रागाव तरी."

"आई," सून हळू आवाजात म्हणाली, "पण तुम्ही हे कंद त्यात का ठेवलेत? माहीत होतं ना तुम्हाला, ती कुजायची पिशवी आहे ते?"

"कुठली कुजायची?" सासूबाईंना आता जरा रागच आला. "रोज संध्याकाळी दारातून आत येताना कोण सांगत होतं? नाही कुजली, नाही कुजली. महिनोन् महिने ऐकतेय मी. म्हटलं, इतकी चिवट पिशवी बाजारात शोधून मिळायची नाही. आणि घरच्या पोरीने केलेली. कंद ठेवायचे तर तिच्यात ठेवावेत." त्या थांबल्या. "गादीखालची एक पण पिशवी मला त्या लायकीची वाटली नाही, आता काय सांगू."

सुनेला आधी रडू आलं. मग हसू आलं. मग दोन्ही एकदम यायला लागलं, तेव्हा ती पायरीवरून उठून मातीच्या ढिगाशेजारी फतकल मारून बसली आणि सासूबाईंची मातीची ओंजळ तिने आपल्या दोन्ही हातांत धरली. तिला इतका आनंद झाला होता की तो कुठून सांगायला सुरुवात करावी हेच कळेना.

"अगं, एवढं काय," सासूबाई घाबरून म्हणाल्या. "दुसरी कर एखादी. मी येऊन सांगते तुझ्या मॅडमना, चूक माझी आहे, पोरीची नाही."

"कुजली, आई."

"दिसतंय मला. तेच तर म्हणतेय."

"नाही, म्हणजे कुजली ती. कुजते ती." सून नाक पुसून टबात वाकली. "हिच्यावर काय काय घातलं होतं?"

"नेहमीचंच. पाला. चोथा. मध्ये वर्तमानपत्र, दुहेरी घडी करून."

"ते कुठेय?"

"कुठे असणार? कागद राहतो का कधी मातीत?"

सुनेचं हसू तिथेच थांबलं. कागद. डब्यातून निघालेली, कोरी करकरीत, काही लिहायचं तर लिहून घे म्हणावी अशी कागदाची पट्टी. तिने मातीचे हात तसेच कपड्यांना पुसले आणि फोन आणायला आत धावली.

टापटीप रविवारी रुमालांना इस्त्री करत असे. दोनदा वाजल्यावर त्याने फोन घेतला.

"आपल्या डब्यांतली माती तू कुठून आणतोस?"

"मागच्या बागेतून. का गं?"

"आणि मग काय करतोस?"

"मग चाळतो. खडे काढतो. गांडुळं निघाली तर परत बागेत सोडतो, मी काय खुनी आहे का?"

"आणि मग?"

"मग ऑटोक्लेव्हला लावतो. तूच स्वच्छ माती मागितली होतीस."

सून भिंतीला टेकली. ऑटोक्लेव्ह म्हणजे त्यांच्या प्रयोगशाळेतला तो कुकर, घरच्या कुकरचा थोरला भाऊ. पिशव्यांच्या आधी ही प्रयोगशाळा वर्षानुवर्षं जखमेवर लावायचे पापुद्रे करत आली होती. तिथे हातमोज्यापासून कात्रीपर्यंत प्रत्येक वस्तू आधी त्या कुकरमध्ये जायची आणि मगच टेबलावर यायची. त्या इमारतीत स्वच्छ या शब्दाला एकच अर्थ होता: ज्यात जिवंत काही नाही ते. माती मागतानाही तिने तोच शब्द वापरला होता, आणि त्याने तो त्याच अर्थाने घेतला होता. दोघांपैकी कुणालाही त्यात वावगं वाटलं नव्हतं.

फोनवर पलीकडे इस्त्री बाजूला ठेवल्याचा आवाज आला.

"म्हणजे," टापटीप खोल गेलेल्या आवाजात म्हणाला, "आपण ताट वाढून ठेवलं आणि जेवणाऱ्यांना आधीच उकडलं?"

"हो."

"मी उकडलं."

"आपण उकडलं. मी एकदाही विचारलं नाही."

सासूबाई दाराशी येऊन ऐकत होत्या. "माती शिजवतात?" त्यांनी विचारलं. कुणी त्यांच्या माहेरच्या माणसाला काही केलं असावं असा त्यांचा चेहरा झाला होता. "शिकली सवरलेली माणसं, आणि माती शिजवतात?"

सोमवारी सून बादली घेऊन कामावर गेली. बसमध्ये तिने ती मांडीवर घेतली होती. टबातली माती, पाल्याचोथ्यासकट. वर सासूबाईंनी ओलं फडकं टाकून दिलं होतं आणि बजावलं होतं की ऊन लागू देऊ नको, आणि बादली परत आण. टापटीपने हातमोजे घालून ती घेतली. फडक्याखालून एक गांडूळ डोकावलं. टापटीपने डोळे मिटले, एक मोठा श्वास घेतला आणि चाळणी उचलून कपाटात ठेवून दिली.

मॅडम सगळं ऐकून इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. मग चष्मा घालून त्या म्हणाल्या, "आढाव्याची तारीख हलणार नाही. जेवढं होईल तेवढं." कंपनीला सुनेने हो म्हटलं नाही. थोडे दिवस द्या म्हणाली. तिकडचा माणूस म्हणाला, थोडेच देतो.

घरी प्रश्न परत आला. उलट आता त्याला फाटे फुटले. कुजली का, किती कुजली, कुठल्या बाजूने कुजली. माझ्या मातीला पाणी घालता ना वेळच्या वेळी? तो तुमचा टापटीप, त्याला सांग सारखं झाकण उघडून बघायचं नाही, विरजण आहे का ते? टापटीपने हा निरोप फार मनावर घेतला. डब्यावर त्याने स्वतःच्या हाताने चिठ्ठी लावली, 'उघडू नये', आणि मग स्वतःलाच आवरायला तो त्या टेबलाकडे पाठ करून बसायला लागला.

आढाव्याच्या दिवशी तपासायला तिघं आले होते. त्यांतल्या सर्वांत मोठ्या साहेबांच्या हातात मॅडमनी डबा दिला आणि चमचा दिला. साहेबांनी माती उकरली. तळापर्यंत गेले, कडेने गेले, परत मध्ये आले.

"यात तर काही नाही," ते म्हणाले.

"पुढचा डबा घ्या."

पुढच्या डब्यात त्यांना एक तुकडा सापडला. चिमट्याने उचलताच तो मधोमध सुटला आणि त्याचे दोन तुकडे झाले. साहेबांनी चिमटा डोळ्यांपाशी नेला. पट्टी कोळ्याच्या जाळ्यासारखी झाली होती. पलीकडचा माणूस तिच्यातून दिसत होता.

तेव्हा टापटीप पुढे झाला आणि त्याने आपल्या शिजवलेल्या मातीचे डबे ओळीने मांडले. त्याच पिशवीच्या पट्ट्या, त्याच मापाच्या, कितीतरी जास्त दिवस पुरलेल्या. एकेक काढून त्याने पांढऱ्या फडक्यावर ठेवली. सगळ्या शाबूत, लख्ख. "जिवंत मातीत जाते," तो म्हणाला, "आणि कपाटात ठेवली तर राहते. दोन्ही दाखवायचं होतं." शेवटचं वाक्य त्याने छताकडे बघत म्हटलं. सुनेने ओठ घट्ट दाबून धरले होते. साहेबांनी एकदा या पट्ट्यांकडे पाहिलं, एकदा त्या जाळीकडे, आणि मग त्यांनी विचारलं की एवढ्या पिशव्या महिन्याला करायच्या तर जागा किती लागेल. मॅडमनी टेबलाखालून सुनेचा हात दाबला.

संध्याकाळी सून घराच्या पायऱ्या जवळजवळ पळतच चढली. सासूबाई ओट्याशी होत्या.

"कुजली का गं?"

"कुजली, आई. सगळ्यांसमोर कुजली. काम चालू राहणार."

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. नळाखाली हात धुतले, नको तितका वेळ. "बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि पदराला हात पुसत आत गेल्या. आतून त्यांची हाक आली, मुलाला. "अरे, या दोन उचल आणि माळ्यावर टाक. पायात येतात."

सून मागोमाग गेली. पलंगाखालून नवरा दोन मोठ्या प्रवासी बॅगा ओढून काढत होता. त्या माळ्यावर असायच्या, धूळ खात. आता त्या पुसून लख्ख केलेल्या होत्या. एकीचं अडकणारं चाक दुरुस्त झालं होतं, दुसरीला नवी चेन बसली होती.

"या कधी काढल्यात?" सुनेने विचारलं.

"तुझ्या त्या कंपनीचा पहिला फोन आला ना, तेव्हा." सासूबाई गादीच्या चादरीवरची नसलेली सुरकुती सारखी करत होत्या. "म्हटलं, जायचं झालं तर नीट जावं माणसाने. वाटेत चेन तुटली म्हणून कुठे शोधत बसणार?"

रोज संध्याकाळी दारातच विचारला जाणारा प्रश्न सुनेला त्या वेळी पहिल्यांदा नीट ऐकू आला. त्या इतके दिवस हेच विचारत होत्या, राहणार का गं? नवरा स्टुलावर चढला तेव्हा तिने खालून एकेक बॅग उचलून त्याच्या हातात दिली.

त्या वर्षी डेलिया असा फुलला की गल्लीतली माणसं मागच्या भिंतीवरून डोकावून जायची. टापटीप एका रविवारी मुद्दाम आला, फुलं बघून झाल्यावर त्याने टबाकडेही बघून घेतलं आणि सासूबाईंना विचारून एकदा त्यात बोट घातलं. मग फुलं संपली, दांडे वाळले. एका सकाळी सासूबाईंनी कंद काढायला घेतले आणि सुनेला हाक मारली.

सून पिशवी घेऊन बाहेर आली. प्लास्टिकची, कापडासारखी जाड, जाळीदार, नुकतीच गादीखालून निघालेली. तिने ती पुढे केली. "यंदा ही घ्या, आई. हिला काही होत नाही. पुढची वीस वर्षं बघायला नको."

"ही नको. तुझी दे."

"माझी परत कुजेल ना. कंद काढायला जाल तेव्हा हाताला काही लागणार नाही."

"न लागू दे." सासूबाईंनी कंदांवरची माती अंगठ्याने झाडली. "ही एकदा दिलीस की संपलं काम. तुझी कशी, दर वर्षी मागावी लागेल मला."

सून आत गेली आणि तिने नवी पिशवी आणली, सरळ शिवणीची. सासूबाईंनी तिचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरलं, आणि सून ओंजळीने माती भरायला लागली.